शेअर घेण्याआधी वही उघडा

शेअर घ्यावासा वाटला की मी आधी वही उघडते. डाव्या पानावर गोष्ट, उजव्या पानावर आकडे. गोष्ट म्हणजे बाजारात त्या कंपनीची जी हवा असते ती. ती दोन ओळींत लिहिता आली नाही, तर मला कळलेलीच नाही असं धरते आणि खरेदी तिथेच थांबते.

उजवं पान वेळखाऊ. पाच वर्षांची विक्री, नफा, कर्ज आणि धंद्यातून खरोखर हाती आलेली रोकड (नफा कागदावर फुगवता येतो, रोकड फुगवणं अवघड). मग उलटं गणित. समजा भाव दर शेअरमागच्या वर्षभराच्या नफ्याच्या 100 पट आहे आणि मला दरसाल 12 टक्के परतावा हवाय. म्हणजे दहा वर्षांत भाव तिपटीच्या थोडा वर जायला हवा. हवा ओसरून तोवर तो नफ्याच्या 20 पटींवर आला, तर नफा साडेपंधरा पट व्हावा लागेल. दहा वर्षं, दरवर्षी 31-32 टक्के वाढ! हा आकडा डाव्या पानावरच्या गोष्टीखाली लाल शाईने लिहा आणि पुन्हा वाचा. माझ्या निम्म्या खरेद्या इथेच बारगळतात.

मार्च 2000 मध्ये सिस्को ही अमेरिकी कंपनी बाजारमूल्यात (सगळ्या शेअरची मिळून किंमत) जगात पहिली झाली होती. इंटरनेट पसरणार आणि त्याची यंत्रं ही कंपनी पुरवणार, ही गोष्ट खरीच निघाली. पुढच्या वीस वर्षांत विक्री दुपटीहून जास्त झाली. तरी 2020 संपलं तेव्हाही शेअर त्या जुन्या भावाखालीच होता. उलट ॲमेझॉन 1999 ते 2001 मध्ये 90 टक्क्यांहून जास्त पडला आणि धंदा मात्र वाढत राहिला. नुसत्या पडलेल्या भावावरून काहीच ठरत नाही, ते असं.

म्हणून कधी विकायचं तेही खरेदीच्याच दिवशी लिहायचं, आणि अट भावाची नको, धंद्याची हवी: 'सलग चार तिमाही विक्री घटली तर', 'कर्ज दुप्पट झालं तर'. एकदा मी 'विक्री वाढतेय' म्हणून शेअर घेतला. विक्री थांबल्यावर तेच खोडून 'व्यवस्थापन चांगलंय' असं लिहिलं. भाव खरेदीच्या वीस टक्क्यांवर आला तोवर तिसरं कारणही तयार होतं. तेव्हापासून पेन्सिल बंद.

ऐंशी टक्के पडलेला शेअर मूळ भावाला यायला पाचपट व्हावा लागतो, त्यामुळे एका कंपनीत एकूण रकमेच्या पाच टक्क्यांपलीकडे मी जात नाही. तेही तीन हप्त्यांत, प्रत्येक हप्ता एकेका तिमाही निकालानंतर. पाच वर्षांच्या आत लागणारे पैसे यात घालायचेच नाहीत.

भाव दाखवणारं ॲप फोनवर नाही. निकाल आले की वही काढते, उजव्या पानावर एक ओळ वाढवते. बहुतेक वेळा काम तेवढंच असतं.