व्हॅनच्या टपावर घरी बनवलेलं कॅरिअर: वजन कमी, पाय पक्के

खान्देशात टपाचं कॅरिअर बनवायला सांगितलं की बहुतेक फॅब्रिकेशनवाले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हिशेब लावतात. दीड इंची अँगल, ५ मिमीची पट्टी आणि खाली चेकर्ड पत्रा. तयार होतं ते ६०-७० किलोचं धूड, आणि टपाची सगळी ताकद ते उचलण्यातच खर्ची पडते. गाडीच्या पुस्तिकेत टपावरच्या वजनाची मर्यादा दिलेली असते. ती कॅरिअर आणि सामान मिळून असते, हे बरेच जण विसरतात. पुस्तिकेत आकडा सापडला नाही तर दोन्ही मिळून ७५ किलोच्या वर जाऊ नका. इथे दिलेलं कॅरिअर सुमारे २५ किलोचं होतं, म्हणजे सामानाला ५० किलो उरतात. गाद्या, तंबू, चटया, फोल्डिंग खुर्च्या एवढ्यात आरामात बसतात.

आधी टपाच्या कडा बघा. ओम्नी, बोलेरो, ट्रॅक्स क्रूझर अशा गाड्यांना दोन्ही बाजूंनी पावसाचं पाणी वाहून नेणारी पत्र्याची पन्हळ असते. गॅरेजमध्ये तिला गटर म्हणतात. हे गटर असेल तर टपाला एकही भोक पाडायचं नाही. कॅरिअरचे पाय गटरात बसतात आणि खालून आकडा (हुक) लावून आवळले जातात. गटर नसलेल्या गाडीसाठी त्याच कंपनीचे तयार माउंट शोधा. भोक पाडायचीच वेळ आली तर आतून ३ मिमीची, किमान ७५ बाय ७५ मिमीची पट्टी आधाराला द्या आणि सीलंट पॉलियुरेथेनचं वापरा. बाथरूमच्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ना, त्या आम्लानेच भोकाच्या कडेला गंज सुरू होतो.

गटर ते गटर अंतर पुढे, मध्ये आणि मागे अशा तीन ठिकाणी मोजा, कारण टप पुढे निमुळता असतो. सर्वांत कमी अंतरातून ६ सेंमी वजा केले की कॅरिअरची रुंदी मिळते. पुढचं माप १२६ सेंमी अंतर आणि २१० सेंमी लांबी धरून दिलं आहे, तुमच्या गाडीप्रमाणे बदला.

दुकानात १६ गेजचा, म्हणजे १.६ मिमी जाडीचा चौकोनी पाईप मागा. २५ मिमीच्या दोन आणि २० मिमीच्या दोन लांब्या पुरतात, एक लांबी ६ मीटरची. १८ गेज स्वस्त आणि हलका असतो, पण वेल्डिंगला टिकत नाही. कापणी अशी:

२५ मिमी, पहिली लांबी: २१० सेंमीचे २, १२० सेंमीचा १, १२ सेंमीचे ४ पाय.
२५ मिमी, दुसरी लांबी: १२० सेंमीचा १, ११५ सेंमीचे ३ आडवे पाईप, १२ सेंमीचे २ पाय. साधारण मीटरभर उरतो.
२० मिमी, पहिली लांबी: २१० सेंमीचे २, ११५ सेंमीचा १ आडवा.
२० मिमी, दुसरी लांबी: ११६ सेंमीचे २, ११५ सेंमीचा १ आडवा, १० सेंमीच्या १० उभ्या कांड्या.

२५ मिमीची चौकट कोपऱ्यांत ४५ अंशांत कापून जोडा. दोन टोकं धरून एकूण सात आडवे, दर ३५ सेंमीवर एक. दुसरा, चौथा आणि सहावा आडवा २५ मिमीचा ठेवा, कारण पाय त्यांच्याच टोकांना येतात. पाय आडव्याच्या रेषेत नसेल तर वजन लांब पाईपच्या मधोमध पडतं आणि वर्षभरात तो पाईप वाकतो. वरचा कठडा २० मिमीचा, १० सेंमी उंच. त्याहून उंच केला की माणूस तो भरायला बघतोच.

वेल्डिंगआधी चौकट सपाट फरशीवर मांडून फक्त टाके (ठिपक्याएवढं वेल्डिंग) मारा आणि दोन्ही कर्ण मोजा. या मापाला कर्ण २४१.९ सेंमी येतो, आणि दोघांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक नको. नंतर समोरासमोरचे कोपरे आलटून-पालटून भरा. एकाच बाजूने सलग वेल्डिंग केलं की उष्णतेने चौकट पिळते, मग सहा पायांपैकी एक कायम अधांतरी. ट्रॉलीच्या सवयीचा मिस्त्री १० नंबरचा जाड रॉड आणि मोठा करंट लावतो, त्याने १६ गेजला भोकं पडतात. त्याला आधीच सांगा, “भाऊ, १२ नंबरचा रॉड लावा, करंट ६०-७० अँपिअरवर ठेवा.” आणि गाडीवर ठेवून वेल्डिंग करू देऊ नका. ठिणग्या काचेत कायमचे ठिपके पाडतात. मापाला टाका मारणं अगदी टळत नसेल तर बॅटरीची वायर काढा आणि काच ओल्या गोणपाटाने झाका.

आता पाय, खरं काम इथे आहे. पायाच्या तळाला ८ सेंमी लांब पट्टी लावा, गटरच्या रुंदीपेक्षा २ मिमी अरुंद. पाय किंचित बाहेर कलता ठेवला की ती नेमकी गटरात उतरते. बाहेरून ४० बाय ५ मिमीच्या पट्टीचा आकडा करा, तो गटरच्या खालच्या ओठाला धरेल. आकडा आणि पाय यांमधून ८ मिमीचा, ८.८ ग्रेडचा (जास्त ताकदीचा) बोल्ट आणि नायलॉकचा, म्हणजे सहज ढिला न होणारा नट. सहा पायांना सहा आकडे. पक्कं करण्याआधी सगळे दरवाजे पूर्ण उघडून बघा, कारण आकडा दोन मिलिमीटर जास्त खाली आला तरी दाराची वरची कड घासते.

पायाखाली आणि आकड्यात रबर हवंच, पण सायकलच्या ट्यूबचं नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि टपाचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. ट्यूब चिकट होऊन सरकते, मग चिरते. ईपीडीएम, म्हणजे ऊन-पाऊस सोसणारं रबर मिळालं तर उत्तम, नाहीतर जुन्या टायरची ३ मिमी पट्टी.

पुढच्या दोन पायांना ३ मिमी पत्र्याचा त्रिकोण वेल्ड करा. ७५ किलोवर करकचून ब्रेक लागला की सुमारे ६० किलोचा धक्का पुढे बसतो, आणि कन्नडचा घाट किंवा तोरणमाळची वळणं उतरताना तो वारंवार बसतो. १३ नंबरच्या पान्याने घट्ट करा, पण अंगाचा जोर लावू नका. गटरचा पत्रा पातळ असतो, दबला की पुन्हा सरळ होत नाही. ५० किलोमीटर चालवून एकदा आवळा, रबर बसल्यामुळे बोल्ट हमखास ढिले होतात.

रंगाआधी पाईपची सगळी उघडी तोंडं बंद करा. उघडी ठेवली तर वाऱ्यात शिट्टी वाजते आणि मृगाचं पाणी आत शिरतं. तरीही ओलावा थोडा जातोच, म्हणून प्रत्येक लांब पाईपच्या खालच्या बाजूला ५ मिमीचं एक भोक ठेवा. वेल्डिंगवरचा कचरा खरवडून रेड ऑक्साइडचे दोन हात, वर इनॅमल. पावडर कोटिंग जास्त टिकतं, पण त्यासाठी वेल्डिंगवरची राख पूर्ण निघायला हवी.

शिट्टी थांबली नाही तर पुढच्या आडव्यावर नायलॉनची दोरी नागमोडी गुंडाळा, आवाज मोडतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ३० सेंमी उंच, कॅरिअरच्या रुंदीचं गाठोडं ताशी ८० किमीला साधारण १० किलोचा रेटा खातं, आणि १२० ला त्याच्या सव्वादोन पट. ताडपत्रीचं पुढचं टोक मोकळं राहिलं तर ती शिडासारखी फुगते, म्हणून पुढची कड सामानाच्या खाली दाबूनच बांधा. रॅचेटचे दोन पट्टे आडवे टाका. रबरी बंजी फक्त ताडपत्री धरायला, सामान धरायला नाही. पाण्याचे कॅन, गॅसची टाकी आणि पेट्रोल टपावर कधीच नाही.

सोलर पॅनेल लावणार असाल तर ते सपाट ठेवून खाली ४-५ सेंमी हवा सोडा. सिलिकॉन पॅनेलची शक्ती २५ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने घटते. टपाला चिकटलेलं पॅनेल ६५ अंशांवर गेलं की १०० वॅटचे ८४ वॅट होतात. पॅनेलची केबल गटरातून नेऊ नका, तिथे पाणी तुंबतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत. कॅरिअर पान्याने निघणारं असलं तरी आपल्या आरटीओत विचारून मगच पैसे घाला, एमएच १८ (धुळे) असो, १९ (जळगाव) असो की ३९ (नंदुरबार). सामानासकट एकूण उंची मोजून चालकासमोर चिकटवा. रेल्वेखालचा बोगदा आणि सातपुड्यातल्या रस्त्यावर झुकलेल्या बाभळीच्या फांद्या, दोन्हीकडे हे माप लागतं. पावसाळ्याआधी पाय सोडवून गटरातला कडुनिंबाचा पाला आणि माती काढा. पायाच्या मागे साचलेला हा चिखल महिनोन्‌महिने ओला राहतो आणि गटर आतून खातो.