दिल्लीच्या धुक्यात विमान अडकलं? तिकीट बदलताना या चुका टाळा

जानेवारीत भाचीच्या लग्नाला पुण्याहून दिल्लीला निघालो होतो. पहाटे मेसेज आला, विमान दोन तास उशिरा. आठ वाजता आणखी तीन तास. बायको म्हणाली, "अहो, रद्द करा, दुसरं काढू." मी 'कॅन्सल'वर बोट ठेवणार, तोच विमानतळावरच्या रांगेत मागे उभ्या काकू म्हणाल्या, "थांबा! तुम्ही रद्द केलंत तर पैसे कापतात. त्यांनी केलं तर पूर्ण परत."

काकूंचं खरं होतं. कंपनीनेच उड्डाण रद्द केलं, तर डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमाने दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं हवं ते निवडता येतं. सहा तासांवर उशीर असेल तरी तेच. कारण हवामानाचं असल्यावर वेगळी भरपाई मात्र मिळत नाही. त्यावरून काउंटरवर भांडत बसलात की तेवढ्यात सीट दुसऱ्याला जाते. खाणं-पाणी तेवढं मागून घ्या.

शेजारच्या गेटवरून दिल्लीचंच विमान सुटलं, की "त्यांना कसं जमतं?" म्हणून आरडाओरडा होतो. दाट धुक्यात उतरायला विमान आणि वैमानिक दोघेही कॅट-३ साठी, म्हणजे अगदी कमी दिसत असताना यंत्रांच्या मदतीने उतरण्यासाठी, पात्र लागतात, म्हणून एक जातं आणि एक थांबतं.

सगळ्यात महाग चूक म्हणजे घाईघाईने दुसऱ्या दिवशीचं पहाटेचं विमान घेणं. धुकं साधारण मध्यरात्रीनंतर दाटतं आणि ऊन चढलं की विरतं. दुपारी बारा ते चारमध्ये उतरणारं मागा. तेच विमान आधी कुठून येणार आहे, हे फ्लाइटरडार२४ या विमानं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या साइटवर बघा. तेही सकाळी उत्तरेतच अडकलं असेल, तर दुपारचं संध्याकाळवर जातं.

जयपूरला उतरून टॅक्सीने जाऊ, हा बेत अनेकांना सुचतो. दिल्लीत न उतरलेली विमानं तिकडेही वळवतात, आणि हायवेवर पहाटे तेच धुकं.

रांगेत एकाने उभं राहावं, दुसऱ्याने ॲपवर बसावं. तिकीट एजंटच्या साइटवरून काढलं असेल, तर आधी त्यालाच फोन लावा. बऱ्याचदा बदल त्याच्याकडूनच होतो. परतीचं तिकीट त्याच पीएनआरवर असेल तर न सांगता निघून जाऊ नका. गैरहजर धरलं तर परतीचंही रद्द होऊ शकतं. बॅग आत गेली असेल, तर ती आधी उतरवून घ्या.

आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारचं मिळालं. हळद चुकली, अक्षता सापडल्या.