रॅम घेण्याआधी हे करून बघा

घरचा कॉम्प्युटर सुरू व्हायला चहा होईस्तोवर वेळ लागतो आणि चार टॅब उघडल्या की 'मेमरी कमी आहे' म्हणतो? आमच्या वहिनींचा ४ जीबी रॅमवाला (रॅम म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) असाच रडत होता. दुकानदाराने थेट नवीन घ्यायला सांगितलं होतं.

१. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. 'मेमरी' या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा वर येतो. वहिनींकडे ब्राउझर होता, सतरा टॅब उघड्या!

२. तिथेच 'स्टार्टअप'मध्ये जाऊन नको ते डिसेबल करा. प्रोग्राम उडत नाही, फक्त आपोआप सुरू व्हायचा थांबतो. अँटीव्हायरस आणि आवाजाच्या ड्रायव्हरला मात्र हात लावू नका.

३. आता शट डाऊन नाही, रीस्टार्ट करा. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन करूनही सिस्टिमचा काही भाग तसाच जपून ठेवला जातो. रीस्टार्टने खरी पाटी कोरी होते.

४. सी ड्राइव्हवर थोडी जागा मोकळी ठेवा.

आणि आपल्या सोलापुरात एक जास्तीचं काम: शेजारी यंत्रमाग असेल तर सुताची तूस पंख्यात बसते, त्यात मे महिन्याचं ऊन. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. प्लग काढून, पंख्याचं पातं बोटाने धरून मऊ ब्रशने झाडा.