कंबर शाबूत ठेवून मेपलचा रस आणायचा तर

अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट राज्यात मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावोगाव वार्षिक सभा भरते. तोवर मेपलच्या झाडांना भोकं पाडून झालेली असावीत, हा इथल्या जुन्या लोकांचा ठोकताळा. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा चार-पाच अंशांवर अशी हवा लागली की रस सुटतो, आणि एकदा सुटला की तो आपल्या सवडीसाठी थांबत नाही. म्हणून खाली लिहिलेलं बहुतेक सगळं जानेवारीतच उरकायचं. जे शंभरेक झाडांचा रस अजून भोकाखाली टांगलेल्या बादल्यांत धरतात आणि जे पिकअप ट्रकने रस भट्टीपर्यंत नेतात, त्यांच्यासाठी हे आहे. ज्यांच्या रानात झाडांवरून रस थेट ओढून आणणाऱ्या नळ्यांचं जाळं आणि व्हॅक्यूम आहे, त्यांची दुखणी निराळी.

आधी कागद-पेन्सिल घेऊन वजनाचा हिशेब करा. मेपलचा रस म्हणजे जवळपास पाणीच, साखर दोनेक टक्के. लिटरभर सिरपला साधारण ४० लिटर रस आटवावा लागतो. मी गुऱ्हाळाच्या मुलखातला, त्यामुळे पहिल्या वर्षी काकवीच्या अंदाजाने चाललो आणि फसलो. उसाच्या रसात याच्या सात-आठपट तरी साखर असते. इथे शंभर झाडांनी चांगल्या दिवशी सहा-सहा लिटर दिले, तर ६०० किलो झाले. तेही एकदा उचलून भागत नाही. झाडावरून हातातल्या बादलीत, बादलीतून टाकीत, टाकीतून भट्टीघरात. प्रत्येक टप्प्यासमोर लिहा : हे कोण उचलणार, मी, पंप, की उतार? ‘मी’ जितक्या ठिकाणी येईल तितक्या ठिकाणी काहीतरी बदलायचं आहे.

सगळ्यात वाईट टप्पा ट्रकपाशी असतो. हजार लिटरची ती पांढरी, जाळीच्या पिंजऱ्यातली टाकी सगळेच वापरतात, मीही. तिची उंची सव्वा मीटरच्या आतबाहेर, आणि ट्रकचा हौदा जमिनीपासून पाऊण मीटरच्या वर. म्हणजे टाकीचं तोंड दोन मीटरवर गेलं. दुसऱ्या हंगामात मी फाळक्यावर उभा राहून खालून बादल्या ओढून घेत होतो आणि त्या वर ओतत होतो. तिसाव्या की पस्तिसाव्या बादलीला पाठीत उसण भरली. पुढचे चार दिवस रस धो-धो वाहत होता आणि मी पलंगावर पडून छताकडे बघत होतो. तेव्हापासून नियम एकच : भरलेली बादली कमरेच्या वर न्यायची नाही.

त्यासाठी लागतं एक बसकं टब. गुरांना पाणी पाजायला मिळतं तसं, पण खाद्यपदार्थाला चालणारं, शंभरेक लिटरचं. ते ट्रकच्या मागे जमिनीवर ठेवायचं, तोंडावर गाळणी बांधायची (साल, पतंग आणि काड्या हमखास येतात, आणि पंप तिथेच अडतो), त्यात बादल्या रिकाम्या करायच्या आणि वर चढवायचं काम पंपाला द्यायचं. पंप कुठला, यावर इथे वाद घालायला लोकांना आवडतं. पेट्रोलचा पंप काही मिनिटांत टाकी भरतो, पण तो उचलून ठेवावा लागतो आणि थंडीत त्याची दोरी ओढून ओढून खांदा जातो. माझं मत बारा व्होल्टच्या छोट्या डायफ्रॅम पंपाकडे. ट्रकच्या बॅटरीवर चालतो, मिनिटाला पंधराएक लिटर चढवतो. सहाशे लिटरला चाळीस मिनिटं लागतात, हे खरं. ती चाळीस मिनिटं मी चहा पितो किंवा पुढच्या झाडांकडे जातो. नळीची तोंडं झटक्यात जुळणारी, खटक्याच्या कपलिंगची घ्या. गार बोटांनी आटे फिरवत बसणं ही मनगटाला शिक्षाच असते. पंपाला फ्यूज आणि नळीच्या दोन्ही टोकांना व्हॉल्व्ह हवाच.

उतार असेल तर पंपही नको. रस्त्याकडेला जिथे दरड आहे, तिथे जमा करायची टाकी वर बसवा म्हणजे रस आपसूक हौद्यात उतरेल. आणि भट्टीघरातली टाकी ट्रकपेक्षा खाली ठेवा. जागा बर्फ पडायच्या आधीच हेरून ठेवायची, कारण नंतर सगळं सपाटच दिसतं. रिकामी करताना टाकीचं झाकण सैल करायला विसरू नका, नाहीतर आत पोकळी होऊन ती चेपते आणि धारही मंदावते. उताराच्या टोकाला पंधरा-वीस झाडं असतील, तर तिथे बारीक नळी लावून बादल्या बंद केलेल्या बऱ्या. मी माझ्या सगळ्यात चढाच्या भागात तेच केलं आणि रोजच्या सहा फेऱ्या वाचल्या.

आता बादली. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेच्या सूत्रात उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरली आहे, पण ती सगळं मनासारखं असताना : वजन अंगालगत, कमरेच्या उंचीवर, पाय कोरड्या सपाटीवर, कंबर न पिळता आणि क्वचितच उचलायचं असेल तेव्हा. गुडघाभर बर्फात यातलं एकही खरं नसतं. म्हणून वीस लिटरची एक बादली काठोकाठ भरून एका हातात घेण्यापेक्षा दोन हातांत दोन बादल्या, प्रत्येकी निम्म्याच. झाकणाच्या असल्या तर बूट भिजत नाहीत. बादलीची कडी बोटं कापते, तिच्यावर जाड नळीचा तुकडा चिरून बसवा. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे व्हर्मॉन्ट ज्यात येतं त्या ईशान्य अमेरिकेत, पूर्वी खांद्यावर लाकडी जू घेऊन दोन्ही टोकांना बादल्या अडकवत, अगदी आपल्या कावडीसारखं. सपाट रानात ते अजूनही उत्तम चालेल. माझ्या उतारावर मी एकदा करून पाहिलं आणि पुन्हा नाही.

दोन गोष्टी मला उशिरा कळल्या. सकाळी बादलीत बर्फाचा तवंग असतो, तो काढून फेकून द्या. गोठतं ते मुख्यतः पाणी, साखर खालच्या रसात राहते. म्हणजे वजन कमी आणि आटवायला लाकूडही कमी. दुसरी गोष्ट भोकाच्या उंचीची. फेब्रुवारीत अडीच फूट बर्फावर उभं राहून कमरेच्या उंचीला भोक पाडलं, की एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर तीच बादली डोक्याशी येते आणि भरलेली उतरवताना खांदा निखळायची वेळ येते. तेव्हा पायाखाली बर्फ किती आहे हे बघून भोक खाली घ्या. सुरुवातीला वाकावं लागतं, पण बादली तेव्हा तितकी भरतही नाही.

पायवाटा आदल्या आठवड्यात स्नोशूज (बर्फात न रुतता चालायचे रुंद जोड) घालून दोन-तीनदा तुडवा. रात्री त्या घट्ट गोठतात आणि सकाळी पाय मांडीपर्यंत रुतत नाही. गोठलेल्या वाटेवर बुटांना साखळीचे काटे लावायचेच. वाट आखताना भरल्या हातांनी उतरायचं आणि रिकाम्या हातांनी चढायचं, इतकं बघा. हातमोज्यांचे तीन जोड घ्या, कारण पहिला अर्ध्या तासात भिजतो.

ट्रकची क्षमता ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या चिकटपट्टीवर छापलेली असते. ती वाचा. भरलेली टाकी टनाच्या पुढे जाते, आणि ज्याला इथे हाफ-टन म्हणतात तो पिकअप बहुधा तितकं पेलत नाही. त्यातून आपलं, सोबत्याचं, पंपाचं वजनही वजा करायचं असतं. मी साडेचारशे लिटरांवर खूण केली आहे. मात्र अर्धवट भरलेली टाकी वळणावर आणि ब्रेक लावताना हिंदकळते आणि ट्रकला पुढे लोटते. म्हणून मोठ्या टाकीपेक्षा दोन लहान टाक्या घेऊन त्या भरायच्या, केबिनला टेकवून रॅचेट पट्ट्यांनी आवळायच्या. मार्च संपत आला की मातीचे रस्ते चिखल होतात आणि गावं त्यांवर जड वाहनांना बंदीच्या पाट्या लावतात. तेव्हा फेऱ्या पहाटे, जमीन गोठलेली असताना करा. हौद्यातून उडी मारून उतरू नका. पाठमोरे, धरून उतरा. फाळक्याला एक पायरी लटकवली तर गुडघे दुवा देतील.

निघताना डब्यात काहीतरी खायला आणि गरम पाणी घ्या, थंडीत तहान कळत नाही. ट्रकमधून उतरल्या उतरल्या बादलीला हात न घालता पाच मिनिटं मोकळे चाला. आदल्या दिवशी पाठ धरली असेल तर सोबतीला कोणाला तरी बोलवा, किंवा त्या दिवशी लांबची झाडं सोडून द्या. बादली ओसंडली तर ओसंडू दे, झाडाला काही होत नाही.

आणि परत आल्यावर, कितीही दमला असाल तरी, पंप आणि नळ्या पूर्ण रिकाम्या करून दोन्ही टोकं खाली ठेवून टांगा. नळीत पेलाभर रस राहिला की रात्री गोठतो आणि सकाळी अंगणात बसून किटलीने नळी शेकावी लागते. पंप मी घरात आणतो, स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली. बायकोची त्याबद्दल तक्रार आहे, पण गोठून पंप फुटला तर पुन्हा बादल्या वर ओढायला मी तयार नाही हे तिलाही माहीत आहे.