लाँगइयरब्येनला जाताय? मग खाण कामगारांच्या बराकीत राहा

लाँगइयरब्येन म्हणजे स्वालबार्डचं, नॉर्वेच्या उत्तर ध्रुवाजवळच्या बेटांचं, मुख्य गाव. कोल्हापुरातनं तिकडं जायचं म्हणलं की सगळ्यात आधी व्हिसा बघा. स्वालबार्डचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण विमान नॉर्वेतल्या ओस्लो नाहीतर ट्रॉम्सोवरनं जातं, ती शहरं शेंगेनमध्ये (एका व्हिसावर फिरता येतं असा युरोपातल्या देशांचा गट) आणि स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर, म्हणजे तिकडं गेलात की शेंगेनमधनं बाहेर पडलात आणि येताना परत आत, त्यामुळं शेंगेनचा व्हिसा डबल एन्ट्रीचाच, म्हणजे दोनदा आत येता येईल असा, मागायचा. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, पुढं विमानं बदलत जायचं.

राहायला गावाच्या वरच्या टोकाला नीब्येन बघा. तिथं खाण कामगारांच्या जुन्या बराकींची गेस्टहाऊस झाल्यात. दुकानं लांब पडतात, चालायची तयारी पाहिजे, पण हे गाव १९०६ पासनं कोळशावर उभं राहिलंय, आणि ते समजून घ्यायचं तर राहायला हीच जागा. नॉर्वेची तिथली शेवटची खाण, सात नंबरची, २०२५ मध्ये बंद झाली. तीन नंबरच्या खाणीची गाईडेड टूर मिळते, ती अजिबात चुकवू नका. कोळशाचा थर इतका पातळ की माणसं आडवी पडून काम करायची, हे आत गेल्यावरच कळतं. नुसता ऑरोरा, म्हणजे रात्रीच्या आकाशातला रंगीत उजेड, बघून परत येणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं.

डोंगराच्या कडेला कोळसा वाहणाऱ्या रोपवेचे जुने लाकडी खांब दिसतील. १९४६ च्या आधीचं काहीही, साधा गंजका खिळा असला तरी, उचलायचं नाही, कायदा आहे. आणि गावाबाहेर बंदूकवाल्या गाईडशिवाय पाऊल टाकू नका, पांढरी अस्वलं खरोखर फिरत असतात.

नोव्हेंबरच्या मध्यापासनं जानेवारी संपेपर्यंत दिवसाही अंधार, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यानं मार्च-एप्रिल धरावा, उजेड पण असतो आणि बर्फ पण. अंगाला लागून लोकरीचे कपडे घाला, सुती नको, घामानं भिजलं की गारठता. बऱ्याच हॉटेलांत बूट दारातच काढायला लावतात, खाणीतल्या काळ्या धुळीपासनं ती पद्धत पडली, तेव्हा जाड मोजे लागतातच.

खाणं लई महाग, सगळं बाहेरनं येतं. किचन असलेली खोली घ्या, सोबत कांदा-लसूण चटणी आणि भडंग. पिरॅमिडन, १९९८ ला बंद पडलेलं रशियन खाणीचं गाव, बघायचं असेल तर बोट खरंच तिथं उतरवते का हे बुकिंगआधी विचारा, युक्रेन युद्धानंतर बऱ्याच कंपन्यांनी ते बंद केलंय. विमा काढताना रेस्क्यूचा खर्च धरलाय का बघा, गावातलं हॉस्पिटल लहान आहे, जास्त काही झालं की ट्रॉम्सोला विमानानं न्यावं लागतं.