कॉम्पॅक्ट कॅमेरा तपासताना या चुका टाळा

कॉम्पॅक्ट म्हणजे लेन्स न निघणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याचा खोका उघडायचा, ट्यूबलाइटखाली चार-दोन फोटो काढायचे, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे आणि मोबाइलवर बघून म्हणायचं, ‘यापेक्षा फोनच बरा.’ अशा तपासणीत कॅमेऱ्याबद्दल काहीच कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅप फोटोचा आकार कमी करून तो दाबतं आणि त्यात गेलेली बारकाई परत मिळत नाही. फोटो कार्डवरून थेट संगणकावर घ्या. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

सेटिंग न बघता सुरुवात

कॅमेरा वापरलेला असेल तर आधी मेनूतून रीसेट करा. आधीच्या मालकाने काय काय बदलून ठेवलंय ते शोधत बसण्यापेक्षा हे सोपं. मग आकार सर्वांत मोठा, दर्जा ‘फाइन’ आणि डिजिटल झूम बंद. डिजिटल झूम म्हणजे मधला तुकडा कापून ताणणं. तो चालू ठेवून लेन्सची पारख होत नाही.

प्रत्येक धूसर फोटोचा दोष लेन्सला

धूसरपणाची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी. फोटो १०० टक्के मोठा करून बघा. सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसलं तर हात हललाय. फक्त माणसाचा हात पुसट आणि मागची भिंत स्वच्छ, तर माणूस हलला, शटर हळू होतं. चेहरा मऊ पण मागचा खांब लख्ख, तर फोकस चुकला. आणि कुठलीच दिशा नसताना केस, गवत, कापडाची वीण सगळं सारवल्यासारखं सपाट झालं असेल तर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) जास्त होता आणि कॅमेऱ्याने त्यामुळे उमटलेले दाणे (नॉइज) पुसताना बारकाईही पुसली.

म्हणून लेन्स तपासताना कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा टेबलावर ठेवा, आयएसओ सर्वांत कमी, दोन सेकंदांचा टायमर आणि इमेज स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद. हातात धरूनच काढायचा असेल तर १०० मिमी झूमला (३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने) शटर १/१०० किंवा त्याहून वेगवान हवं.

डीएसएलआरची सवय: ‘निसर्गचित्र आहे, एफ/११ लावू’

एफ-आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान. लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या डीएसएलआरवर एफ/११ चालतो, पण कॉम्पॅक्टला ही सवय बाधते. १/२.३ इंची सेन्सर (चित्र टिपणारी चिप) जेमतेम ६.२ × ४.६ मिमीचा असतो. इतक्या लहान सेन्सरवर एफ/८ लाच प्रकाशाच्या विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना पसरण्यामुळे) चित्र स्पष्टपणे मऊ पडतं. ‘एक इंची’ म्हणवणारा सेन्सरही प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमीचाच, त्याला एफ/४ ते एफ/५.६ पुरेसं. काही स्वस्त मॉडेलांत छिद्र लहान करणारी पाती नसतातच, लेन्सच्या आत फक्त प्रकाश कमी करणारा करडा फिल्टर येतो. कुठल्याही झूमला दोनच एफ-आकडे दिसत असतील तर हा संशय घ्या.

झूमबरोबर मिळणारा सर्वांत लहान एफ-आकडाही (म्हणजे सर्वांत मोठं छिद्र) बदलतो, हे पुष्कळजण विसरतात. सोनीच्या २०१२ च्या पहिल्या आरएक्स१०० ला २८ मिमीवर एफ/१.८ मिळतो, १०० मिमीवर एफ/४.९, म्हणजे प्रकाश सातेक पटीने कमी. आयएसओ ऑटोवर ठेवून संध्याकाळी झूम केलात तर दाणे दिसणारच. दोन कॅमेऱ्यांची तुलना सारख्याच चौकटीत, सारख्याच आयएसओवर करा आणि फोटो एकाच आकारात आणून बघा. २० मेगापिक्सेल आणि १२ मेगापिक्सेल १०० टक्क्यांवर शेजारी ठेवणं अन्यायाचं आहे. ४ × ६ इंची प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) अडीच मेगापिक्सेलसुद्धा लागत नाहीत!

कोपऱ्यांची चाचणी तिरक्या कॅमेऱ्याने

भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून चारही कोपरे तपासणं चांगलं, पण कॅमेरा भिंतीला समांतर नसेल तर एक कोपरा मऊ येणारच. त्यावर उपाय: पत्राच्या मधोमध छोटा आरसा सपाट चिकटवा आणि लेन्सचं प्रतिबिंब स्क्रीनच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत कॅमेरा हलवा. मग एक फोटो सरळ, एक कॅमेरा उलटा धरून. पत्राचा तोच कोपरा दोन्ही वेळा मऊ असेल तर मांडणी चुकली. मऊपणा कर्णावरच्या समोरच्या कोपऱ्यात गेला तर लेन्सचं भिंग सरकलेलं आहे; नवा कॅमेरा असेल तर बदलून घ्या. चारही कोपरे थोडे सारखेच मऊ असणं मात्र वाइड टोकाला नेहमीचंच.

घरातल्या दिव्यांना सेन्सरचा दोष समजणं

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. इलेक्ट्रॉनिक शटरवर त्याचे पट्टे उमटतात. यांत्रिक शटरवर एक फोटो उजळ, पुढचा काळसर. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, व्हिडिओ मेनूतल्या पाल (PAL) पद्धतीवर, २५ किंवा ५० फ्रेमवर.

‘शटर उशिरा पडतं’

बटण एकदम दाबलं तर त्यात फोकसचा वेळही धरला जातो. अर्धं दाबून फोकस होऊ द्या, मग पूर्ण दाबा. दोन्हींतला फरक फोनच्या स्टॉपवॉचचा फोटो काढून मोजता येतो, फक्त शंभराव्या भागाच्या आकड्यावर विसंबू नका. साधा फोनस्क्रीन सेकंदाला ६० वेळाच बदलतो. बॅटरीचा छापील आकडाही जपून वाचा: सीपा या जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या चाचणीत दर ३० सेकंदांनी एक फोटो आणि एकाआड एक फ्लॅश असतो.

जुना घेताना

‘कार्ड एरर’ दिसलं म्हणून सौदा मोडू नका. जुन्या कॅमेऱ्यांना २ जीबीपर्यंतचं साधं एसडी कार्डच चालतं, त्यानंतरच्यांना ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसी. योग्य कार्ड घालून ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

लेन्स बाहेर आल्यावर बाजूने टॉर्च मारून जाळ्यासारखी बुरशी दिसते का ते बघा. कोकण-मुंबईच्या दमट हवेत ती हमखास सापडते. मग पूर्ण झूम, सर्वांत लहान छिद्र आणि पांढऱ्या भिंतीचा फोकस सोडलेला फोटो. प्रत्येक फोटोत त्याच जागी करडे ठिपके आले तर धूळ सेन्सरवर आहे. कॉम्पॅक्टची लेन्स निघत नाही, त्यामुळे ब्लोअर उपयोगाचा नाही. दुरुस्तीवाल्याला कॅमेरा पूर्ण उघडावा लागतो. तो खर्च आधी विचारून मगच किंमत बोला.