हनुक्कासाठी घरच्या घरी सुफगानियोत

हनुक्का हा ज्यूंचा आठ दिवसांचा दिव्यांचा सण हिब्रू पंचांगातील किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला सुरू होतो. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात मक्काबी या ज्यू बंडखोरांनी जेरुसलेमचे मंदिर परत मिळवले, तेव्हा तेथे सापडलेले एका दिवसापुरते शुद्ध तेल आठ दिवस जळत राहिले, अशी कथा आहे. म्हणूनच या सणात तळणीचे पदार्थ करतात आणि इस्राएलमध्ये त्यांतला मानाचा पदार्थ म्हणजे जॅम भरलेले गोल डोनट, अर्थात सुफगानियोत. एक असेल तर सुफगानिया. ते ओव्हनमध्ये भाजताही येतात, परंतु ज्या सणाची कथाच तेलाची आहे, त्या सणाला ते तळूनच करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

साधारण सोळा नगांसाठी ५०० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ६० ग्रॅम साखर, अर्धा चमचा मीठ, एक अंडे व दोन बलक, ५० ग्रॅम मऊ लोणी, एका लिंबाची किसलेली साल आणि सुमारे २०० मिलिलिटर कोमट दूध घ्यावे. कोशर, म्हणजे ज्यूंच्या आहारविषयक धार्मिक नियमांनुसार मांस व दुग्धजन्य पदार्थ एकत्र चालत नाहीत. त्यामुळे जेवणात मांस असेल, तर दुधाऐवजी पाणी आणि लोण्याऐवजी तेल वापरावे.

लोणी सोडून सर्व साहित्य एकत्र करून पीठ भिजवावे, मग थोडे थोडे लोणी घालत दहा मिनिटे चांगले तिंबावे. पीठ हाताला किंचित चिकटले तरी वरून मैदा घालण्याचा मोह टाळावा, कारण घट्ट पिठाचे डोनट कोरडे होतात. भांडे झाकून पीठ दुप्पट होईपर्यंत, म्हणजे सुमारे दीड तास, उबदार जागी ठेवावे. नंतर ते दीड सेंटिमीटर जाड लाटून वाटीने गोल कापावेत आणि प्रत्येक गोल बटर पेपरच्या वेगळ्या तुकड्यावर ठेवून पुन्हा अर्धा तास फुगू द्यावा. हे तुकडे ठेवायला विसरू नये. फुगलेला गोल हाताने उचलला की त्यातली हवा निघून जाते आणि सगळी मेहनत वाया जाते. बोटाने हलकेच दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला, तर गोल तळण्यास तयार आहेत.

खरी कसोटी तेलाची असते. वास नसलेले तेल खोल कढईत १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे. तेल याहून फार तापले, तर बाहेरून करपून आत कच्चे राहते. कमी तापले, तर डोनट तेल पितात. एका वेळी तीन-चारच गोल, वरची बाजू खाली करून, कागदासकट अलगद सोडावेत. कागद सुटताच तो चिमट्याने काढून घ्यावा. प्रत्येक बाजू सुमारे दोन मिनिटे तळावी. मध्यावर फिकट पट्टा उमटला, म्हणजे पीठ नीट फुगले होते.

निथळून कोमट झाल्यावर बाजूला छिद्र पाडून पायपिंग बॅगने स्ट्रॉबेरीचा गुळगुळीत जॅम भरावा. पिठीसाखर मात्र अगदी वाढण्याच्या वेळी भुरभुरावी, नाहीतर ती विरघळून जाते.